मॉरिशसचा दगड आणि आपला सह्याद्री

आपल्या मंडळातली दोन-तीन कुटुंबे सुट्टीत मॉरिशसला जाऊन आली. फोटो आले, वर्णने आली, आणि त्याबरोबर एक वाक्यही आले. तिथल्या काळ्या दगडावर हात ठेवून काढलेल्या फोटोखाली लिहिले होते, "हा दगड आणि आपल्या सह्याद्रीचा दगड एकाच आईची लेकरे!" वाक्य ऐकायला छान आहे. मॉरिशसमध्ये दीडशे-पावणेदोनशे वर्षांपासून मराठी माणसे राहतात हे लक्षात घेतले तर ते आणखीच छान वाटते. पण मी पडलो इंजिनियर. छान वाक्य दिसले की ते दशांश चिन्हानंतर कितव्या अंकापर्यंत खरे आहे, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. या वाक्याच्या बाबतीत तर ते अक्षरशः दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या अंकापर्यंत तपासता येते. म्हणून या वेळचे सदर दगडांवर.

आधी माणसांबद्दल थोडे. १८३४ पासून ब्रिटिशांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. बहुतेक मजूर कलकत्ता आणि मद्रासहून गेले, पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागातली माणसे होती. त्यांचे वंशज आज तिथे 'मराठी' म्हणूनच ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते (आपल्याला सिंगापुरात रजा टाकावी लागते!). पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेला. ऊस लावण्याआधी या मजुरांच्या वाट्याला मोठे काम यायचे ते दगड वेचण्याचे. शेतातले काळे दगड उचलायचे आणि मधोमध किंवा बांधावर रचून ठेवायचे. त्या दगडांच्या राशी आजही उसाच्या शेतांत उभ्या दिसतात. कोकणातल्या शेतकऱ्याला हा दगड परका वाटला नसणार. तोच काळा रंग, तीच भोके, तोच जडपणा. दोन्हीकडचा दगड बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा.

आता प्रश्न असा की दिसायला सारखा म्हणजे नात्याने जवळचा का? बेसाल्ट जगात सगळीकडे आहे. सगळा समुद्रतळ बेसाल्टचा आहे. नुसत्या रंगरूपावरून नाते ठरवायचे तर कठीणच.

भूगोल मात्र नात्याच्या बाजूने बोलतो. नकाशा काढून बघा. मुंबईच्या दक्षिणेला लक्षद्वीप, त्याखाली मालदीव, त्याखाली चागोस. ही सगळी बेटे एका ओळीत आहेत. पुढे समुद्रतळावरची एक पर्वतरांग आडवी येते, आणि तिच्या पलीकडे मास्करीन पठार, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. रियुनियन हे फ्रान्सचे बेट. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार पेटतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जेसन मॉर्गन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कल्पना मांडली की पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातून, म्हणजे प्रावरणातून, काही ठिकाणी तप्त खडकाचे खांब वर येत असतात. त्यांना 'प्लूम' म्हणतात. खांब बऱ्यापैकी जागच्या जागी राहतो, वरचे कवच सरकते. स्थिर मेणबत्तीवरून कागद सरकवत नेला तर डागांची ओळ उमटेल तसे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत या खांबावरून जात होता, तेव्हा दख्खनचा लाव्हा ओतला गेला. मग भारत उत्तरेकडे निघून गेला आणि खांबाने मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रेघ ओढली. आज तो रियुनियनखाली आहे.

१९८७ साली समुद्रात खोल भोके पाडणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचे जहाज या रेघेवर गेले. मालदीवजवळचा बेसाल्ट निघाला सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा, चागोसजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांचा. मॉरिशसचा सर्वात जुना लाव्हा ९० लाख वर्षांच्या आतबाहेरचा, आणि रियुनियनचा जमिनीवर दिसणारा भाग सुमारे २० लाख वर्षांचा. दख्खनपासून निघून वय क्रमाने कमी होत गेले. हा पुरावा जोरदार आहे. पण वकिली भाषेत सांगायचे तर तो परिस्थितिजन्य पुरावा आहे. एकाच रस्त्यावरची घरे म्हणजे एकाच घराण्याची घरे असे नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते. दगडाच्या बाबतीत रक्ततपासणी म्हणजे आयसोटोप.

शाळेत शिकलेले आठवत असेल. एकाच मूलद्रव्याचे काही अणू थोडे जड, काही थोडे हलके असतात. रासायनिक गुण तेच, फक्त वजन वेगळे. स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूचे ८६ वजनाचे अणू असतात आणि ८७ वजनाचेही. आता अशी कल्पना करा की एका पोत्यात लाल आणि पिवळ्या गोट्या आहेत. आकार, गुळगुळीतपणा, सगळे सारखे. तुम्ही डोळे मिटून पोत्यात हात घातला आणि मूठभर काढल्या काय किंवा घमेलेभर काढल्या काय, लाल-पिवळ्यांचे प्रमाण तेच येणार, कारण हाताला रंग कळत नाही. खडक वितळतो तेव्हा हेच होते. प्रावरणातला खडक थोडासाच वितळतो, त्यातला काही भाग वर येतो, वाटेत काही स्फटिक खाली बसतात. या सगळ्यात सिलिका, मॅग्नेशियम, लोह यांची प्रमाणे पार बदलून जातात. पण स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जसेच्या तसे राहते, कारण वितळण्याला हे दोन अणू वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून वर आलेल्या लाव्हात खालच्या उगमाची सही कायम राहते.

मग ती सही ठिकठिकाणी वेगळी का? इथे फिक्स्ड डिपॉझिटचा हिशोब लागतो, जो आपल्याकडे सर्वांना येतो. रुबिडियम-८७ हे मुद्दल. ते अतिशय सावकाश विघटन पावून स्ट्रॉन्शियम-८७ बनते, ते व्याज. मुद्दल निम्मे व्हायला जवळजवळ ४,९०० कोटी वर्षे लागतात, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या दहापट. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र वाढतही नाही, घटतही नाही. पृथ्वी जन्मली तेव्हा या दोघांचे प्रमाण सुमारे ०.६९९ होते. ज्या खडकात रुबिडियम भरपूर, तिथे व्याज साठत जाते आणि प्रमाण ०.७२, ०.७३ किंवा त्याहूनही वर जाते. ज्यात रुबिडियम कमी, तिथे ते ०.७०३च्या आसपासच रेंगाळते. ग्रॅनाइट पहिल्या प्रकारचा, प्रावरण दुसऱ्या प्रकारचे. नुसत्या आकड्यावरून कळते की हा लाव्हा कुठल्या खात्यातून निघाला. असाच हिशोब सॅमेरियम आणि निओडिमियमचा, आणि युरेनियम, थोरियम आणि शिशाचा. एका जोडीवर विश्वास ठेवायचा नसेल तर चार जोड्या आहेत. साक्षीदार जितके जास्त तितके बरे.

अशा हिशोबातून जगातल्या ज्वालामुखी बेटांची चक्क घराणी पाडली गेली आहेत. नेपोलियनला जिथे ठेवले होते ते सेंट हेलेना बेट एका घराण्याचे म्होरके आहे. तिथल्या लाव्हातले शिसे सांगते की त्याच्या उगमात फार पूर्वीपासून युरेनियमचे प्रमाण जास्त होते. बहुधा प्राचीन समुद्रतळ खाली बुडाला आणि कोट्यवधी वर्षांनी पुन्हा वर आला. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटाजवळच्या काही लाव्हांत तर २००७ साली स्ट्रॉन्शियमचे प्रमाण ०.७२च्या घरात सापडले. म्हणजे कधीकाळी नद्यांनी समुद्रात वाहून नेलेला कुठल्या तरी खंडाचा गाळ पृथ्वीच्या पोटात जाऊन लाव्हा होऊन परत आला. पृथ्वी काहीच टाकून देत नाही, आपल्या आयांसारखी.

मोजणीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण माझा जीव तिथेच रमतो. दगड फोडायचा, त्यातला ताजा, न गंजलेला तुकडा निवडायचा, पूड करून हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवायची, रेझिनच्या नळीतून गाळून स्ट्रॉन्शियम वेगळे काढायचे, ते धातूच्या बारीक पट्टीवर ठेवून तापवायचे आणि निघालेले अणू चुंबकीय क्षेत्रातून वळवून वजनाप्रमाणे वेगळे मोजायचे. या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. आकडा दशांशानंतर पाचव्या स्थानापर्यंत भरवशाचा मिळतो. सगळ्या जगातल्या प्रयोगशाळा एकच प्रमाण नमुना मोजतात, त्याचा आकडा ०.७१०२५ यायला हवा. नाही आला तर आधी आपले यंत्र तपासायचे, मग जगाला शहाणपण सांगायचे. आपल्यापैकी जे इथल्या वेफर फॅबमध्ये आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. शिशाच्या मोजणीत तर स्वच्छतेचा कहर असतो. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली शिशाच्या आयसोटोपांवरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे काढले. ते करताना त्यांच्या लक्षात आले की प्रयोगशाळेत, हवेत, सगळीकडेच शिसे पसरले आहे. पुढे त्यांनी पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध मोठा लढा दिला. पण तो वेगळा विषय झाला.

सह्याद्रीकडे जाण्यापूर्वी आपल्या यिशुनच्या जमिनीखाली काय आहे ते पाहू, कारण त्याचा पुढे उपयोग आहे. आपल्या ब्लॉकपासून जवळच सेंबावांगचा गरम पाण्याचा झरा आहे. २०२० साली तिथे नवी बाग झाली. लोक पाय शेकत बसतात, बादलीत अंडी उकडतात. मुले हमखास विचारतात की इथे खाली ज्वालामुखी आहे का? नाही. सिंगापुरात ज्वालामुखी नाही. पाणी भेगांतून खूप खोल जाते, तिथे तापते आणि परत वर येते. आपल्या कोकणातले वज्रेश्वरी, राजवाडी, उन्हवरे इथले झरेही याच जातीचे. आजच्या कुठल्या ज्वालामुखीशी त्यांचा संबंध नाही. यिशुनखाली आहे तो ग्रॅनाइट, बुकिट तिमाच्या खाणीत दिसतो तोच, वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. समजा या ग्रॅनाइटमधून खालून लाव्हा वर आला. १,१००-१,२०० अंश तापलेला तो रस भेगेच्या दोन्ही भिंती खात खात येणार. ग्रॅनाइटचे थोडे स्ट्रॉन्शियम त्यात मिसळणार, आणि ग्रॅनाइट पडला व्याज साठवणारा. वर पोचेपर्यंत सही पुसट झालेली असणार. समुद्रातल्या बेटावर ही अडचण कमी, कारण तिथे कवच पातळ आणि तेही बेसाल्टचेच. म्हणून प्रावरण वाचायचे तर शास्त्रज्ञ बेटांवर धावतात. खंडावरचा लाव्हा वाचायचा तर आधी भेसळ ओळखावी लागते.

दख्खनच्या लाव्हाखाली असाच जुना खडक आहे. १९६७च्या भूकंपानंतर कोयना परिसराचा अभ्यास चालू आहेच. अलीकडे तिथे खोल विवरे घेतली तेव्हा सुमारे एक ते सव्वा किलोमीटर बेसाल्ट गेल्यावर ग्रॅनाइटसारखा खडक लागला. तो अब्जावधी वर्षांचा. दख्खनचा प्रत्येक थेंब अशा खडकातून वाट काढत वर आला आहे. मग आईची सही शिल्लक असेल तरी कुठे?

याचे उत्तर देणाऱ्या निबंधांतली नावे वाचली की मला फार गंमत वाटते. परदेशी विद्यापीठातल्या लायब्ररीत जाडजूड इंग्रजी नियतकालिक उघडावे आणि समोर यावे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर! १९८०च्या दशकात पश्चिम घाटातल्या लाव्हाच्या थरांची रासायनिक गुणांवरून खालून वर अशी विभागणी झाली. तिला नावे मिळाली ती आपल्या एस.टी.च्या पाट्यांवरची. त्यांचे तीन मोठे गट केले, कळसूबाई, लोणावळा आणि वाई. शास्त्रज्ञ नमुने गोळा करत गेले ते घाटरस्त्यांनीच, कारण रस्ता कापला की थर उघडे पडतात. आपण लहानपणी ज्या वळणांवर उलट्या केल्या त्याच वळणांवर हे लोक हातोडी घेऊन उभे होते.

१९८२ साली महोनी, मॅकडूगल, गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाबळेश्वरच्या थरांचे निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम मोजून प्रसिद्ध केले. पुढे कॉक्स आणि हॉक्सवर्थ या जोडीने त्यावर आणखी काम केले. चित्र असे दिसले. खालच्या बुशे थरात स्ट्रॉन्शियमचे प्रमाण ०.७१३ पासून थेट ०.७२च्या जवळ. म्हणजे खंडाच्या कवचाची भरपूर भेसळ. त्यावरच्या पोलादपूर थरात भेसळ कमी होत जाते. आणि त्याच्यावर आंबेनळी. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा तो आंबेनळी घाट. तिथे आकडा येतो ०.७०४च्या आसपास. शुद्ध, किंवा ज्याला शुद्ध म्हणता येईल इतपत. त्याहून वरचा महाबळेश्वर थर पुन्हा थोडा निराळा जातो.

असे का व्हावे? एक सरळ स्पष्टीकरण असे की सुरुवातीचा लाव्हा थंड, नव्या वाटेने आला, भिंती खात आला. पुढे वाटा रुळल्या, भिंतींवर लाव्हाचेच अस्तर बसले, रेटा वाढला, आणि नंतरचा लाव्हा न थांबता वर आला. नवीन माठाचे पाणी पहिले काही दिवस मातकट लागते तसेच. आंबेनळीचा ओघ तर इतका मोठा की आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ, म्हणजे हजार किलोमीटर दूर, जे लाव्हाचे थर आहेत ते रसायन आणि आयसोटोप दोन्ही बाबतीत वाई गटाच्या याच थरांशी जुळतात. २००८ साली काही अभ्यासकांनी असा तर्क मांडला की हे पृथ्वीवरचे सर्वात लांब लाव्हाचे ओघ असावेत. घाटात ओतलेला रस बंगालच्या उपसागरापर्यंत!

आता तुलना. रियुनियनच्या लाव्हात स्ट्रॉन्शियमचे प्रमाण ०.७०४० ते ०.७०४४. विशेष म्हणजे ते तिथे लाखो वर्षे जवळजवळ हलत नाही. हिंदी महासागराच्या नेहमीच्या समुद्रतळाच्या बेसाल्टमध्ये ते ०.७०३च्या आसपास. आंबेनळी रियुनियनच्या जवळ आहे, पण तंतोतंत तिथे नाही. स्ट्रॉन्शियम, निओडिमियम आणि शिसे एकत्र मांडले की आंबेनळी रियुनियन आणि समुद्रतळ या दोघांच्या मधे कलते. रेघेवरच्या मधल्या टप्प्यांतले नमुनेही असेच मिश्र निघाले. याचा एक अर्थ असा की प्लूमचा रस निर्भेळ आला नाही, आजूबाजूचे नेहमीचे प्रावरणही त्याने सोबत ओढून आणले. दुसरा अर्थ काहींनी असा लावला की प्लूम वगैरे काही नव्हतेच. आयआयटी मुंबईचे भूवैज्ञानिक हेतू शेठ यांनी दख्खनसाठी प्लूमच्या कल्पनेवर सविस्तर आक्षेप घेतले आहेत. खंड फाटताना खालचे प्रावरण वर येऊन वितळले, एवढ्यानेही दख्खन होऊ शकते, असा त्या बाजूचा युक्तिवाद. हा वाद संपलेला नाही, आणि शाळेच्या पुस्तकातल्या मेणबत्ती-कागदाच्या चित्रात तो दिसत नाही.

माझे मत विचाराल तर मी प्लूमच्या बाजूला झुकतो, आणि त्याचे कारण हेलियम. हेलियम-४ युरेनियम-थोरियमच्या विघटनातून सतत तयार होतो. हेलियम-३ मात्र जवळजवळ सगळा पृथ्वीच्या जन्माच्या वेळचा शिल्लक साठा. हवेत सुमारे सात लाख हेलियम-४ मागे एक हेलियम-३ असतो. समुद्रतळाच्या बेसाल्टमध्ये हे प्रमाण हवेच्या आठपट. रियुनियनच्या लाव्हात बारा ते चौदापट. म्हणजे तिथे खालून, जुन्या, फारशा न ढवळलेल्या साठ्यातून काहीतरी येते आहे. १९९३ साली आशिष बसू आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या उत्तर टोकाला, राजस्थानात, दख्खनच्या मुख्य उद्रेकाआधीच्या, सुमारे ६ कोटी ८५ लाख वर्षांपूर्वीच्या खडकांतला हेलियम मोजला. तो निघाला हवेच्या जवळजवळ चौदापट. साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांच्या आणि काही हजार किलोमीटरच्या अंतरावर हाच आकडा पुन्हा यावा, हा योगायोग मला पटत नाही. आंबेनळीतच हेलियम का मोजत नाहीत, असे कोणी विचारेल. वाहत्या लाव्हातून तो उडून जातो, आणि उरला तरी इतक्या वर्षांत दगडातल्या युरेनियमच्या हेलियम-४ने तो झाकला जातो. खोल जमिनीत थिजलेल्या स्फटिकांतच तो टिकतो.

आता राहिले मॉरिशस, जिथून सुरुवात केली होती. रियुनियनपासून ते साधारण पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर. मॉरिशस एका दमात झाले नाही. ९० ते ५० लाख वर्षांपूर्वी एक मोठा ज्वालामुखी उभा राहिला. मग तो विझला, झिजला. पुढे ३५ लाख वर्षांपूर्वीपासून पुन्हा लाव्हा आला आणि शेवटचा हप्ता गेल्या १० लाख वर्षांतला. पहिल्या ज्वालामुखीचे अवशेष म्हणजे बेटाच्या कडेने उभे असलेले ते विचित्र आकाराचे डोंगर, ल मोर्न, ल पूस, पीटर बोथ. त्यांच्या आयसोटोपांची सही रियुनियनशी चांगली जुळते. नंतरच्या लाव्हांची जुळत नाही. त्यांचे स्ट्रॉन्शियम कमी, निओडिमियम थोडे जास्त, म्हणजे ते नेहमीच्या प्रावरणाकडे झुकतात. प्लूमवरून बेट पुढे सरकले होते. मागाहून जे वितळले ते बहुतांशी दुसरेच काही होते. २००३ साली मॉरिशसच्या लाव्हांवर जो निबंध आला त्याच्या लेखकांत शेठही होते आणि महाबळेश्वरवाले महोनीही. एकच माणूस आंबेनळीचा दगडही मोजतो आणि मॉरिशसचाही, ही मला त्या फोटोखालच्या ओळीपेक्षा जास्त सुंदर गोष्ट वाटते.

आणि इथेच आपल्या फोटोखालच्या वाक्याची पंचाईत होते. उसाची शेते कुठे आहेत? सपाटीवर. सपाटी कशाची? बहुतांशी नंतरच्या लाव्हांची. रत्नागिरीच्या माणसाने पाठ वाकवून जे दगड वेचले, राशी लावल्या, आणि आपल्या मंडळींनी ज्यावर हात ठेवून फोटो काढला, ते दगड त्यातल्या त्यात दूरच्या नात्यातले. जवळचे नातेवाईक त्याच्यामागे डोंगर होऊन उभे होते. त्यातही ल मोर्न. गुलामगिरीच्या काळात पळून गेलेले गुलाम त्या डोंगरावर लपत, म्हणून २००८ साली तोही युनेस्कोच्या यादीत गेला.

मॉरिशसच्या लाव्हातही भेसळीचा एक किस्सा आहे. २०१३ साली नॉर्वेच्या टॉर्सविक यांच्या गटाने तिथल्या समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत झिरकॉनचे कण शोधले, वय ६६ कोटी ते जवळजवळ २०० कोटी वर्षे. बेट ९० लाख वर्षांचे आणि वाळू २०० कोटींची! वाळू काय, कुठूनही येईल, जहाजातून किंवा बुटाला चिकटून, असा आक्षेप आला. मग २०१७ साली अ‍ॅशवाल, टॉर्सविक यांनी थेट लाव्हाच्या थिजलेल्या खडकातून झिरकॉन काढले, ते २५० ते ३०० कोटी वर्षांचे. त्यांचे म्हणणे असे की मॉरिशसखाली जुन्या खंडाचा तुकडा बुडालेला आहे, भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटताना मधे राहून गेलेला. त्याला त्यांनी 'मॉरिशिया' नाव दिले. म्हणजे बुशेच्या लाव्हाने भारताचे कवच खाल्ले तसे मॉरिशसच्या लाव्हानेही एका तुकड्याचे खाल्ले, आणि तो तुकडा एकेकाळी आपल्याच शेजारचा.

तेव्हा त्या वाक्यात दुरुस्ती करायची तर अशी करावी लागेल: ल मोर्नचा दगड आणि आंबेनळी घाटाचा दगड यांची आई बहुधा एकच, मात्र आंबेनळीत दुसऱ्या घरचेही बरेच मिसळले आहे, शेतातला दगड चुलत घराण्याचा, आणि खंडाळ्याच्या वर बुशेत आईपेक्षा भारताच्या जुन्या ग्रॅनाइटचेच वळण जास्त उतरले आहे. फोटोखाली एवढे मावणार नाही, कबूल.

पुन्हा मॉरिशसला कोणी जाणार असेल तर शेतातल्या राशींबरोबर ल मोर्नच्या पायथ्यालाही जाऊन या. वेळ आणि व्हिसा असेल तर रियुनियनलाही जा. फुर्नेझ कधीमधी चालू असतानाही सुरक्षित अंतरावरून बघू देतात. आणि पुढच्या सुट्टीत देशात गेलात तर महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना गाडी एका रुंद वळणावर, कडेला, नीट ब्रेक लावून थांबवा. पावसाळ्यात नको, त्या घाटात दरडी कोसळतात. कापलेल्या कड्यात काळे जाड थर आणि मधेमधे तांबूस पट्टे दिसतील. तांबूस पट्टे म्हणजे दोन ओघांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, पुढच्या लाव्हाने भाजून काढलेली. तिच्यावरून दोन ओघांमध्ये किती वेळ गेला, आणि डायनोसॉर नेमके केव्हा संपले याचा हिशोब कसा लावतात, ते पुढच्या अंकात.